दहा बाय पंधराच्या खोलीतला नकोसा उजेड : सदाशिव पेठेतील एका स्टुडिओचे प्रकरण

परिस्थिती

हा स्टुडिओ सदाशिव पेठेत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याला लागून आहे. खोली १० फूट रुंद आणि १५ फूट लांब असून छत ९ फुटांवर आहे. शटरच्या बाजूला पोटमाळा काढलेला असल्यामुळे तिथे उंची जेमतेम ७ फूट उरते. भिंतींना फिकट पिस्ता रंग, छताला पांढरा डिस्टेंपर आणि खाली शहाबादी फरशी. मालकांच्या वडिलांनी डार्करूमच्या काळात हा व्यवसाय सुरू केला. आता मालक स्वतः साठीला आले आहेत आणि त्यांची मुलगी दोन वर्षांपासून पूर्णवेळ काम पाहते. पासपोर्टचे आणि अर्जांसाठीचे फोटो ही रोजची मिळकत, स्थळांसाठीचे फोटो हंगामी, आणि फ्रेम करून दिवाणखान्यात लावावीत अशी पोर्ट्रेट वर्षाकाठी मोजकीच. पण पेठेत दुकानाचे नाव निघते ते या मोजक्या कामांवरूनच.

जून महिन्यात असेच एक काम बिघडले. एका कुटुंबातील आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन होते. आजोबा काळा कोट, धोतर आणि लाल पुणेरी पगडी अशा वेषात, आजी गडद हिरव्या नऊवारी पैठणीत आणि नाकात नथ घालून, असा दोघांचा बसलेला फोटो २० बाय २४ इंचांत छापून कार्यक्रमात दर्शनी ठेवायचा होता. त्यांच्या मुलाने प्रूफ पाहिले आणि जागच्या जागी परत केले. आजोबांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत दोन-दोन पांढऱ्या छत्र्या दिसत होत्या. आजींचा चेहरा सपाट आणि एका बाजूने हिरवट आला होता. आणि दोघांचीही नाके चेहऱ्याच्या मानाने पुढे आली होती. शेवटच्या दोषाला मुलाकडे शब्द नव्हता. तो एवढेच म्हणाला, की हे माझे वडील वाटत नाहीत, त्यांच्यासारखे दिसणारे कोणीतरी वाटतात.

मालकांनी काढलेला निष्कर्ष सरळ होता. ‘‘अहो, लाइट कमी पडतोय, दुसरं काय?’’ त्यांच्याकडे ३०० वॅट-सेकंदांचे (वॅट-सेकंद म्हणजे फ्लॅशच्या एका झोतात खर्च होणाऱ्या ऊर्जेचे माप) दोन फ्लॅश होते, सुमारे दहा वर्षे वापरलेले. त्यांच्या जागी ६०० वॅट-सेकंदांचे दोन नवे घ्यावेत म्हणून त्यांनी जवळपास ९० हजारांचे कोटेशन मागवले होते आणि ते एकदा नजरेखालून घालावे यासाठी मला बोलावले. कुटुंबाने फोटो पुन्हा काढायला आठ दिवसांची मुदत दिली होती.

कोटेशनचा हिशेब

कोटेशनमधल्या मोठ्या अक्षरांतल्या आकड्याऐवजी मी लहान अक्षरांतला आकडा आधी शोधला. फ्लॅशची कमाल ताकद सगळे सांगतात. लहान खोलीत कामाला येते ती किमान ताकद. मालकांचे जुने फ्लॅश कमाल ताकदीच्या एक अष्टमांशापर्यंत खाली येत होते, म्हणजे ३७.५ वॅट-सेकंदांपर्यंत. नवे ६०० चे फ्लॅश एक षोडशांशापर्यंत येणारे होते, आणि ६०० चा सोळावा भाग म्हणजे पुन्हा ३७.५ च. ज्या टोकाला हा स्टुडिओ रोज काम करतो त्या टोकाला ९० हजार रुपयांनी काहीही बदलणार नव्हते. वरच्या टोकाला एक स्टॉप, म्हणजे प्रकाशाची एक दुप्पट, वाढला असता, पण जिथे माणूस लाइटपासून एक-दीड मीटरवर बसतो तिथे तो वापरायचा कधी, या प्रश्नाला मालकांकडे उत्तर नव्हते. दहा वर्षांत आपण फ्लॅश पूर्ण ताकदीवर किती वेळा चालवला असे त्यांना विचारले, तेव्हा शाळेच्या हॉलमधला एक वर्गफोटो तेवढा त्यांना आठवला.

मुलीचा प्रस्ताव वेगळा होता. तिने रील्ससाठी ६० वॅटचा एलईडी घेतलेला होता, आणि फ्लॅशऐवजी तोच वापरला तर आजोबांच्या डोळ्यांवर भपकन प्रकाश पडणार नाही व लाइट कसा पडतो तेही आधी दिसेल, असे तिचे म्हणणे होते. यातला दुसरा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि शिकणाऱ्याने एलईडीवर शिकावे असे मीही सांगतो. मात्र वॅट आणि वॅट-सेकंद यांची गल्लत होते ती इथेच. ६० वॅटचा दिवा १/१२५ सेकंदात अर्ध्या वॅट-सेकंदाहूनही कमी ऊर्जा खर्च करतो, तर त्यांचा फ्लॅश सर्वांत खाली आणला तरी ३७.५ खर्च करतो. एलईडी त्याच विजेतून अधिक प्रकाश काढतो हे जमेस धरले तरी चार-पाच स्टॉपची तूट राहते, म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १०० च्या जागी १६०० ते ३२०० वर न्यावा लागतो. २० बाय २४ इंचांच्या छपाईत त्यातून येणारे दाणे काळ्या कोटाच्या पोतावर उमटल्याशिवाय राहत नाहीत. त्यातून आजोबांच्या हाताला वयोमानाने कंप होता. फ्लॅशची ठिणगी साधारण एक हजारांश सेकंदाची असल्याने तो कंप फोटोत दिसत नाही, १/१२५ मध्ये मात्र दिसू शकतो. एलईडी रील्ससाठी ठेवावा, आणि तेव्हाही आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवावे, नाहीतर खोलीतल्या स्वस्त दिव्यांचे पट्टे चित्रात सरकताना दिसतात, एवढे ठरवून तो विषय आम्ही संपवला.

आमटीचा डाव

तपासणीची पहिली पायरी म्हणून फ्लॅश बंद ठेवून आयएसओ १००, शटर १/१२५ आणि एफ ८ (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) वर एक फोटो घेतला. तो पूर्ण काळा आला. म्हणजे ट्यूबलाइटचा किंवा रस्त्यावरच्या उजेडाचा दोष नव्हता. जे काही चुकत होते ते फ्लॅशच्याच प्रकाशात चुकत होते.

दुसऱ्या पायरीसाठी मी मालकांच्या घरून, म्हणजे मागच्याच जिन्याने वरून, स्टीलचा एक आमटीचा डाव मागवला. डावाची फुगीर बाजू हा चांगला बहिर्गोल आरसा असतो. गिऱ्हाइकाचा चेहरा जिथे येतो नेमका तिथे मुलीने तो धरला, ५० मिलिमीटरच्या लेन्सने जवळून फोटो घेतला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहिला. चेहऱ्याला ‘दिसणारे’ सगळे प्रकाशस्रोत त्या बोटभर जागेत हजर होते. डाव्या-उजव्या छत्र्यांचे दोन पांढरे गोळे तर होतेच. पण त्या प्रत्येकामागे उजळलेल्या भिंतीचा उभा पट्टा होता, डोक्यावर छताची भलीमोठी फिकट तबकडी होती, आणि खालच्या बाजूला गुळगुळीत फरशीचीही चमक होती. मधोमध कॅमेऱ्यामागे उभे असलेले मालक, एवढाच काय तो अंधार. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, यात सगळ्यात काळे तुम्हीच आहात.’’

याचे मोजमाप फ्लॅशमीटरने घेतले. तो पडलेला प्रकाश एफच्या आकड्यात सांगतो, आकडा मोठा तितका प्रकाश जास्त. उजवा फ्लॅश पूर्ण बंद केला आणि डावी छत्री एकटी चालवली. उजळ गालाशी एफ ८ आला, आणि दुसऱ्या गालाशी, जिथे कोणताही लाइट रोखलेला नव्हता तिथे, एफ ५.६. फरक फक्त एका स्टॉपचा. मुख्य लाइटच्या निम्मा प्रकाश खोली स्वतःच देत होती, तोही पिस्ता रंगाच्या भिंतीवरून उसळून. आजींच्या गालावरचा हिरवटपणा तिथून आलेला होता. त्यावर दुसरा फ्लॅश समोरून चालवला की दोन्ही गाल सारखे होणार आणि चेहरा पापडासारखा सपाट दिसणार, हे ओघानेच आले.

पांढऱ्या पारदर्शी छत्रीतून आरपार मारलेला लाइट पुढे जातो त्याहून फारसा कमी नसलेला मागे आणि बाजूंना सांडतो. मोठ्या हॉलमध्ये हा सांडलेला प्रकाश लांब जाऊन विरतो, कारण अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो. दहा फुटी खोलीत त्याला लांब जायला जागाच नसते. चार फुटांवरच्या भिंतीवर आपटून तो परत येतो. छोट्या स्टुडिओत सर्वांत स्वस्त म्हणून सर्वांत आधी छत्रीच घेतली जाते, आणि सर्वांत जास्त नुकसान तीच करते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मखमल, सनबोर्ड आणि माझी चूक

लक्ष्मी रोडवरून काळी मखमल आणली. सुती काळे कापड स्वस्त पडते, पण जोरदार फ्लॅशखाली ते काळपट राखाडी दिसते. मखमलीची लव प्रकाश गिळते. ४४ इंची पन्ह्याचे तीन पन्हे जोडून उजव्या भिंतीसाठी सरकता पडदा शिवून घेतला आणि तो साध्या पडद्याच्या रॉडवर रिंगांनी लावला, म्हणजे पासपोर्ट फोटोच्या वेळी बाजूला सारता येईल. डावी भिंत अर्धीच झाकली. छत्र्या काढून त्यांच्या जागी ९० सेंटिमीटरचा एकच ऑक्टाबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी अष्टकोनी कापडी पेटी), पुढे ग्रिड लावलेला, असा घेतला. जुन्या फ्लॅशच्या तोंडाला बोवेन्स कंपनीच्या पद्धतीचा माउंट, म्हणजे जोडणीची खाच, होता. ती ब्रिटिश कंपनी २०१७ मध्ये बंद झाली तरी तिचा माउंट बाजारात चालू चलन म्हणून टिकून आहे, त्यामुळे ऑक्टाबॉक्स बसवण्यात काही अडले नाही. ग्रिड म्हणजे कापडी चौकोनांची जाळी. तिच्यामुळे प्रकाश समोर जातो, बाजूला सांडत नाही. चित्रपटाच्या सेटवर लाइटबॉय ज्याला कटर म्हणतात, म्हणजे नको तिथला प्रकाश अडवणारा काळा पडदा, त्याचेच काम इथे भिंतीवरची मखमल आणि लाइटवरची जाळी मिळून करत होती. लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट असलेल्या या शहरात कटर हा शब्द फोटो स्टुडिओंपर्यंत पोचायला हवा होता. लाइट शब्द पोचला, कटर पोचला नाही.

पुन्हा मोजले तेव्हा दुसऱ्या गालाशी एफ २.८ आला. उजळ बाजू आणि सावली यांत आता तीन स्टॉपचा, म्हणजे आठास एक असा फरक होता. डावात पाहिले तर एकच गोल पांढरा ठिपका आणि बाकी काळोख. मी खूश झालो, आणि चुकलो ते इथेच.

चाचणीसाठी मालकांच्या मातोश्री बसल्या होत्या. वय ७८, अंगावर नऊवारी. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांनी स्वतःचा फोटो पाहिला आणि मला विचारले, ‘‘अहो, एवढ्या सुरकुत्या कुठून आणल्यात?’’ त्यांचे बरोबर होते. तिरप्या, एकट्या आणि सावलीत काहीच न परतवणाऱ्या लाइटने कपाळावरची प्रत्येक रेघ कोरून काढली होती. तरुण नटाच्या चेहऱ्याला शोभणारे हे प्रमाण आजींच्या चेहऱ्याला शोभणारे नव्हते, आणि खोलीवर ताबा मिळाल्याच्या आनंदात मी समोर कोण बसले आहे तेच विसरलो होतो.

सावलीच्या बाजूला, चेहऱ्यापासून दोन फुटांवर, पांढऱ्या सनबोर्डची, म्हणजे हलक्या फोमच्या तक्त्याची, चार बाय तीन फुटांची पाटी उभी केली. मीटर एफ ४.५ वर आला, म्हणजे फरक साधारण पावणेदोन स्टॉपचा झाला. सुरकुत्या राहिल्या, पण आता चेहऱ्याच्या झाल्या. यावर मालकांनी जो प्रश्न विचारला तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मार्मिक प्रश्न होता. ‘‘म्हणजे आधी भिंत झाकायची आणि मग तिच्यासमोर पांढरा पुठ्ठा उभा करायचा? मग भिंतीनं काय घोडं मारलं होतं?’’ भिंत हलत नाही, आणि भिंत पिस्ता रंगाची आहे. पाटी अर्धा फूट पुढे घेतली तर सावली उजळते, मागे नेली तर गडद होते, काढून टाकली तर तिच्यावरून परतणारा प्रकाशच नाहीसा होतो. शिवाय तिचा रंग पांढराच असतो. जो प्रकाश कमी-जास्त करता येत नाही, तो कितीही मऊ असला तरी लाइटिंगच्या उपयोगाचा नाही. मालकांनी ते ऐकून घेतले आणि पाटी स्वतः चार वेळा पुढे-मागे करून पाहिली. त्यानंतर त्यांनी कोटेशनचा विषय काढला नाही.

नाकाचा प्रश्न लेन्सचा नव्हता

पुढे आलेल्या नाकांसाठी मालकांना ८५ मिलिमीटरची लेन्स हवी होती (मिलिमीटरचा आकडा जितका मोठा, तितका दृश्याचा अरुंद भाग लेन्स टिपते). त्यांचा कॅमेरा लहान सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणारी आतली पट्टी लहान असलेला. सोबत १८-५५ ची झूम आणि ५० मिलिमीटर १.८ अशा दोन लेन्स. आधीच्या फोटोची माहिती फाइलमध्ये पाहिली तेव्हा तो झूमच्या २४ मिलिमीटरवर काढलेला निघाला. दोन माणसांची सुमारे १.४ मीटर रुंदीची चौकट त्या सेन्सरवर २४ ने भरायची तर कॅमेरा जेमतेम पावणेपाच फुटांवर येतो, आणि पावणेपाच फुटांवरून नाक कानापेक्षा लक्षात येण्याइतके जवळ असते. चेहऱ्याची ठेवण लेन्स बदलत नाही, अंतर बदलते. लेन्स फक्त त्या अंतरावरून चौकट किती कापायची ते ठरवते.

मग खोलीची लांबी मोजत बसलो. मागचा पडदा भिंतीपासून अर्धा फूट पुढे, माणसे पडद्यापासून चार फूट पुढे. ५० ने तीच चौकट मिळवायला कॅमेरा पावणेदहा फुटांवर हवा, आणि मग फोटोग्राफरची पाठ शटरला टेकते. ८५ घेतली असती तर त्याला रस्त्यावर उभे राहावे लागले असते. ४० मिलिमीटरवर हे अंतर पावणेआठ फूट होते, मागे पावणेतीन फूट मोकळे राहतात, पोटमाळ्याखालची कमी उंचीही तिथे आड येत नाही, आणि पावणेआठ फुटांवरून चेहरे आपल्याला नेहमी दिसतात तसे दिसतात. झूम लेन्स एफ ८ वर पुरेशी टोकदार होती. नवी लेन्स घेतली नाही. एकट्या माणसाच्या कमरेपर्यंतच्या फोटोसाठी ५० आणि सहा फूट, हे माप मुलीने फरशीवर रंगीत टेपने कायमचे आखून ठेवले.

पुन्हा काढलेला फोटो

ठरलेल्या दिवशी सकाळी अकराला कुटुंब आले. दोन माणसे आणि एकच लाइट असला की लहान खोलीत एक जुनी अडचण उभी राहते. ऑक्टाबॉक्स आजींपासून तीन फुटांवर ठेवला तर आजोबा त्याच्यापासून साडेचार फुटांवर येतात आणि त्यांना सव्वा स्टॉप कमी प्रकाश मिळतो. लाइट मागे नेऊन अंतर साडेपाच आणि पावणेसात फूट केले तेव्हा हा फरक अर्ध्या स्टॉपच्या आसपास उतरला. उरलेला फरक लाइट वळवून काढला. ऑक्टाबॉक्सचे तोंड आजींकडे न ठेवता आजोबांच्याही पलीकडे रोखले, म्हणजे दूरच्या माणसाला झोताचा गाभा आणि जवळच्याला झोताची कड मिळाली. जाळी असताना ही कड एकदम तुटते, त्यामुळे दोन-दोन बोटे वळवत दोघांच्या गालाशी मीटर धरून पाहावे लागले. शेवटी दोघांत दोन दशांश स्टॉपचाही फरक उरला नाही. लाइट मागे नेल्यामुळे फ्लॅश अर्ध्या ताकदीपर्यंत वाढवावा लागला. जुन्या ३०० चीही निम्मी ताकद शिल्लकच होती.

आजींना लाइटकडे आणि आजोबांना पलीकडे बसवण्यामागे चष्मा होता. काचेवर प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो, तेव्हा लाइट जितका बाजूला, तितके त्याचे प्रतिबिंब कॅमेऱ्यापासून दूर फेकले जाते. आणि पलीकडे बसलेल्या माणसाला तोच लाइट अधिक तिरपा मिळतो. आजी त्यामुळे आजोबांच्या उजव्या हाताला आल्या, पूजेला बसतात तशाच, आणि आम्ही मुद्दाम तसे केले असे समजून कुटुंबाला ते फार आवडले. आम्ही तो समज दूर केला नाही. तरीही एका काचेच्या वरच्या कडेला पांढरी रेघ राहिली होती. लाइट आणखी उंच न्यावा तर पगडीची सावली कपाळावर उतरत होती. शेवटी मुलीने, ‘‘आजोबा, जरा हात लावते हं,’’ म्हणून चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित वर उचलल्या, काचा तेवढ्याच खाली झुकल्या आणि रेघ गेली. पगडीमुळे उचललेल्या काड्या कॅमेऱ्यातून कळतही नाहीत.

हनुवटीखालच्या सावलीत एक गंमत दिसली. आजोबांची हनुवटी छान उजळ होती आणि आजींची काळोखी, जरी लाइट दोघांना सारखा मिळत होता. कारण मांडीवर होते. आजोबांचे पांढरे धोतर खालून प्रकाश परतवत होते आणि आजींची गडद हिरवी पैठणी तो पिऊन टाकत होती. आजींच्या पुढ्यात, चौकटीच्या बाहेर, गुडघ्यांच्या उंचीवर सनबोर्डचा दीड फुटी तुकडा आडवा धरला आणि दोघे जुळले. त्या तुकड्याचा दुसरा फायदा नथीला झाला. मोती प्रकाश नव्हे तर प्रतिबिंब दाखवतात. आधी मोत्यांचा खालचा अर्धा भाग काळा येत होता, तो आता भरून आला.

काळा कोट मागच्या गडद पडद्यात विरघळत होता. खांद्यावर मागून लाइट टाकण्यासाठी बूम, म्हणजे लाइट डोक्यावर धरणारा आडवा दांडा, उभा करायला जागा नव्हती, म्हणून दुसरा फ्लॅश दोघांच्या मागे, खाली, पडद्याकडे तोंड करून ठेवला. कोट उजळण्याऐवजी पडदा उजळला की खांद्याची रेषा आपोआप सुटी होते. तीन फुटांवरून तो किमान ताकदीवरही जास्त होत होता. त्याच्या तोंडावर बटर पेपरचे दोन पदर लावले. मात्र त्याआधी त्यातला १५० वॅटचा मॉडेलिंग दिवा (लाइट कसा पडेल ते आधी दाखवणारा, सतत जळणारा) बंद केला, कारण हॅलोजनच्या तोंडावर कागद चिकटवणे म्हणजे आगीला आमंत्रण. उघड्या शहाबादी फरशीवर स्टँड सरकू नये म्हणून प्रत्येकाच्या पायावर वाळूची पिशवी आणि वायरींवर टेप, ही काळजी वृद्ध गिऱ्हाइकांच्या बाबतीत तर अनिवार्यच समजावी.

एक्स्पोजर ठरवताना पगडीने फसवले असते. कॅमेऱ्याचा उजेडाची विभागणी दाखवणारा साधा आलेख (हिस्टोग्राम) सगळे ठीक आहे असे सांगत होता, पण तिन्ही रंगांचे आलेख वेगळे उघडले तेव्हा लाल एकट्याचा उजव्या कडेला टेकलेला, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेला, दिसला. पगडीच्या घड्या छपाईत सपाट लाल ठिगळासारख्या आल्या असत्या. एक तृतीयांश स्टॉप कमी केला. पैठणीच्या जरीलाही त्याचा लाभ झाला. एकूण २३ फोटो घेतले. मुलाने निवडला तो सतरावा, ज्यात आजोबा कॅमेऱ्याकडे पाहतच नाहीत, आजींच्या पुढ्यातल्या त्या पांढऱ्या तुकड्याकडे पाहत आहेत.

खर्च आणि राहिलेल्या गोष्टी

मखमल, शिलाई, रॉड, ग्रिडसह ऑक्टाबॉक्स, सनबोर्ड आणि फ्लॅश वायरशिवाय उडवणारा एक रेडिओ ट्रिगर असा एकूण खर्च ११ हजार ४०० रुपये झाला. ट्रिगर हा एरवी दुय्यम वाटणारा खर्च मी आग्रहाने करायला लावला. जुन्या फ्लॅशच्या सिंक-वायरवर, म्हणजे त्याला कॅमेऱ्याशी जोडणाऱ्या वायरवर, शंभराहून अधिक व्होल्ट असू शकतात आणि ते थेट आजच्या कॅमेऱ्यात शिरले तर कॅमेरा जाऊ शकतो. याच कारणाने जुना फ्लॅश घरी उघडू नये, प्लग काढल्यावरही नाही. आतले कपॅसिटर बंद अवस्थेतही धक्का देण्याइतके भरलेले असतात.

भिंतींचा पिस्ता रंग दसऱ्याच्या आधी काढून मॅट राखाडी द्यायचे ठरले आहे. पांढऱ्या कागदाचा १.३५ मीटरचा रोल पावसाळी हवेत ओलावा धरून लाटांसारखा फुगला होता. तो आता आडवा न ठेवता उभा ठेवतात, आणि लेन्स सिलिका जेलच्या डब्यात. तीनपेक्षा जास्त माणसांचा फोटो मात्र या खोलीत नीट निघत नाही. पाच जणांना एकसारखा प्रकाश द्यायचा तर लाइट आठ-दहा फूट मागे न्यावा लागतो आणि तेवढी रुंदीच नाही, त्यामुळे अशी कामे मुलगी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन करते.

छताचा प्रश्न अजून सुटलेला नाही. बसलेल्या माणसाला छताचा त्रास नाही, पण उभ्या माणसासाठी ऑक्टाबॉक्स वर नेला की तो छतापासून हातभर अंतरावर येतो आणि जाळी असूनही छत उजळते. तिथे काळे कापड ताणावे तर मधोमध पंखा आहे. मधला पंखा काढून भिंतीवर पंखा लावावा असे मी सुचवले. मालकांना ते मान्य नाही. मे महिन्यात कोट-पगडी घालून बसणाऱ्या माणसाला वरून लागणारा वारा वेगळा आणि बाजूने येऊन उपरणे उडवणारा वेगळा, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यावर निदान अजून तरी माझ्याकडे उत्तर नाही.